‘माजी’ या एका शब्दातली दोन विधानं

एखाद्याला ‘माजी आमदार’ म्हटलं की ऐकणाऱ्याला एकच गोष्ट कळल्यासारखी वाटते: हा गृहस्थ आता आमदार नाही. पण त्याच शब्दाने आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पूर्वी तो आमदार होता. पहिलं विधान उघड असतं, त्यावर कुणीही हरकत घेऊ शकतो. दुसरं मागच्या दाराने आत येतं आणि त्याच्याकडे सहसा कुणी पुरावा मागत नाही. आमदाराच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही, कारण निवडणुकीचा निकाल दप्तरात नोंदलेला असतो. मात्र जे पूर्वीचं म्हणून सांगितलं जातंय तेच मुळात खोटं असेल, किंवा खरं असूनही दुसऱ्याच कुणी मुद्दाम निवडून चिकटवलेलं असेल, तर हा साधासा शब्द माणसांचं आणि मुलखांचं फार मोठं नुकसान करू शकतो. जगाचा कारभार ज्या भाषेत बराचसा चालतो त्या इंग्रजीत हे कसं घडत आलं आहे ते बारकाईने पाहायला हवं, कारण तिथे ठरलेली नावं पुढे आपल्या सरकारी कागदांतही उतरतात.

इंग्रजीत ‘पूर्वीचा’ सांगायला शब्दांचा तुटवडा नाही. ‘फॉर्मर’ आहे, ‘एक्स’ आहे, मृत व्यक्तीसाठी ‘लेट’ आहे, आणि ब्रिटनमध्ये मागे पडलेला पण भारतीय इंग्रजीत संस्थानांच्या संदर्भात आजही नित्य वापरात असलेला ‘अर्स्टव्हाइल’ आहे. हे शब्द व्याकरणात विशेषणासारखे वागतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. उंच मंत्री हा मंत्रीच असतो, हुशार मंत्रीही मंत्रीच असतो, फॉर्मर मंत्री मात्र मंत्री नसतो. म्हणजे इतर विशेषणं नामात भर घालतात आणि हे नामच काढून घेतं, तरीही ते नाम वाक्यात डोळ्यांसमोर उभं राहतंच. शिवाय नेमकं काय संपलं हेही दर वेळी स्पष्ट होत नाही. एखाद्याचा ‘फॉर्मर’ बंगला म्हणजे पूर्वी त्याच्या मालकीचा असलेला बंगला, की आता पडझड होऊन बंगला न उरलेली त्याची वास्तू? इंग्रजीत दोन्ही अर्थ निघतात, आणि भाषाशास्त्रज्ञांनी यावर बराच खल केला आहे.

शब्दाच्या निवडीत मान-अपमानही असतो. निवृत्त प्राध्यापकाला मिळणारं ‘इमेरिटस’ हे बिरुद मुळात सेवा पूर्ण करून सन्मानाने मोकळ्या झालेल्या रोमन सैनिकाचं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट पायउतार झाले, तेव्हा त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न व्हॅटिकनपुढे होता, कारण शतकानुशतकांत असा प्रसंग आलेला नव्हता. उत्तर ठरलं ‘पोप इमेरिटस’. त्यांचं बेनेडिक्ट हे नाव राहिलं, पांढरा झगाही राहिला. ‘एक्स पोप’ आणि ‘पोप इमेरिटस’ या दोन्हींतून कळणारी वस्तुस्थिती एकच आहे, पण पहिल्यात माणूस पदाबाहेर गेलेला दिसतो आणि दुसऱ्यात पदाची प्रतिष्ठा त्याच्यापाशी राहते. ज्याच्या हाती संस्था असते, त्याला आपल्या भूतकाळासाठी असा शब्द निवडून घेता येतो. ज्याच्या हाती काहीच नसतं, त्याच्यासाठी तो इतर निवडतात.

एका विशेषणावरून देशादेशांत किती ताणलं जाऊ शकतं, हे मॅसिडोनियाच्या प्रकरणात दिसलं. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडून हा देश स्वतंत्र झाला. शेजारच्या ग्रीसमध्ये मॅसिडोनिया याच नावाचा मोठा प्रदेश आहे, त्यामुळे ग्रीसने नावालाच हरकत घेतली. अखेर ८ एप्रिल १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘द फॉर्मर युगोस्लाव्ह रिपब्लिक ऑफ मॅसिडोनिया’ या तात्पुरत्या उल्लेखाखाली. त्यातल्या ‘फॉर्मर’चं पहिलं अक्षर लहान लिपीत लिहिलं जाई, म्हणजे हे देशाचं नाव नसून केवळ वर्णन आहे हे दिसावं. सभागृहात बसायचं कुठे यावरही वाद झाला. देश इंग्रजी वर्णानुक्रमाने बसतात. एम अक्षराखाली बसवायला ग्रीस तयार नव्हता, आणि एफखाली बसलो तर वर्णनच नाव होऊन बसेल म्हणून मॅसिडोनिया तयार नव्हता. शेवटी सुरुवातीच्या ‘द’चा टी धरून त्यांना थायलंडच्या शेजारी जागा दिली गेली. हा ‘तात्पुरता’ उल्लेख जवळजवळ २६ वर्षं टिकला. १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराकाठी दोन्ही देशांत करार झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्तर मॅसिडोनिया हे नाव अमलात आलं. या उल्लेखातली माहिती खोटी होती का? मुळीच नाही, तो प्रदेश खरोखरच युगोस्लाव्हियाचा एक घटक होता. पण स्लोव्हेनिया आणि क्रोएशियासुद्धा होतेच की. त्यांच्या फलकावर ‘फॉर्मर’ कधी आलं नाही. भूतकाळ सगळ्यांचा सारखाच होता, तो कपाळावर मिरवण्याची सक्ती मात्र एकावरच झाली.

यावर कुणी म्हणेल की जागेचं पूर्वीचं नाव किंवा स्थिती सांगणं ही निव्वळ सोय असते. काही वेळा ती सोय असतेच, आणि ती नाकारण्याचं कारण नाही. १९९५ नंतर इंग्रजी मजकुरात ‘मुंबई, पूर्वीचं बॉम्बे’ असं लिहिलं जात होतं, ते परक्या वाचकाला ठिकाण समजावं म्हणून. वाचक नव्या नावाला सरावले तशी त्याची गरज कमी होत गेली. मुंबईवर ते कुणी लादलंही नव्हतं. सोय आणि सक्ती यांतला फरक ओळखायला फार कष्ट पडत नाहीत: ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला तो शब्द टाकून देता येतो का, एवढंच पाहावं.

सगळ्यात कठोर उदाहरण मात्र आपल्याच मातीतलं आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे अनेक जमातींच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा समाजांतल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, आणि इंग्रजी कागदपत्रांत व पुस्तकांत या लोकांचा उल्लेख ‘एक्स क्रिमिनल ट्राइब्ज’ असा होऊ लागला. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही असेलच असं नाही, उलट आता हे गुन्हेगार उरले नाहीत असंच त्यांना सांगायचं असणार. पण ‘आता नाहीत’ म्हणताना ‘पूर्वी होते’ हे त्यांनी कबूल करून टाकलं. कुठल्याही न्यायालयाने पाळण्यातल्या पोराला दोषी ठरवलेलं नव्हतं. गुन्हेगारी हा त्या माणसांचा गुण कधीच नव्हता, तो सरकारने त्यांच्यावर मारलेला शिक्का होता. हीच चूक ‘एक्स अनटचेबल्स’ या शब्दप्रयोगात आहे. हॅरॉल्ड आयझॅक्स या अमेरिकन लेखकाच्या १९६५ मधल्या पुस्तकाच्या नावातच तो आहे. अस्पृश्यता ही पाळणाऱ्यांची कृती. ती पाळली जाणाऱ्यांच्या अंगी असल्यासारखी लिहिली गेली, वर ती संपली असंही सुचवलं गेलं. दोन्ही विधानं चुकीची.

या दृष्टीने ‘डीनोटिफाइड’ हा रूक्ष सरकारी शब्द ‘एक्स क्रिमिनल’पेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. सरकारने यादीत घातलं होतं, सरकारनेच काढलं, एवढंच तो सांगतो. माणसांच्या स्वभावाबद्दल तो काही बोलत नाही. मराठीतला ‘विमुक्त’ तर आणखी पुढे जातो, कारण मुक्त होण्याआधी कुणीतरी बांधून घातलं होतं हे त्यात आपोआप येतं. अमेरिकेत गुलामगिरीबद्दल लिहिताना ‘फॉर्मर स्लेव्ह’ऐवजी ‘गुलाम केली गेलेली व्यक्ती’ अशी रचना अलीकडे बरेच इतिहासकार करतात, त्यामागेही हाच विचार आहे.

अशा काटेकोरपणाने इतिहास बोथट होतो, अपराध्याचा अपराध झाकला जातो, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीरपणे घ्यायला हवा. एखाद्या मंत्र्याने पदावर असताना केलेला भ्रष्टाचार सांगताना ‘तत्कालीन मंत्री’ असं लिहिलंच पाहिजे, नाहीतर जबाबदारी कुणाची हेच कळणार नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसाचा गुन्हाही न्यायालयाच्या नोंदीत राहतो, राहावाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या एका विभागाने सुटून आलेल्या कैद्यांसाठी ‘कन्व्हिक्ट’सारखे शब्द वापरणं थांबवायचं ठरवलं, तेव्हा नोंदी पुसल्या नव्हत्या. त्या गुन्ह्याला माणसाचं कायमचं नाव करायचं नाही, एवढंच ठरलं होतं. विमुक्तांच्या बाबतीत तर झाकायला अपराधच नव्हता, झाकला गेला असेल तर तो शिक्का मारणाऱ्याचा.

कायदा गेला तरी शिक्का किती काळ टिकतो, याची नोंद आता सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आहे. तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींच्या लोकांना सराईत गुन्हेगारांसारखं वागवणाऱ्या तरतुदी शिल्लक होत्या. जातीवरून कामं वाटणाऱ्या नियमांबरोबर त्यांवरही न्यायालयाने घटनाबाह्यतेचा ठपका ठेवला, तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मूळ कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षांनी.