शॉर्टची लाँग करताना

ज्यांचे बालपण गावाकडे गेले त्यांना जीप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ती 'वडाप', मराठवाडा-विदर्भात 'काळी-पिवळी'. नऊ माणसांच्या गाडीत पंधरा माणसे, टपावर बोचकी, मागच्या फाळक्यावर लोंबकळणारी कॉलेजची पोरे, आणि ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक पाहुणा! एवढी माणसे मावायची कशी, हे कोडे आम्हाला मेकॅनिकल इंजिनिअर होऊन, बाहेर मास्टर्स करून आल्यावर सुटले. ती मुळातली जीप नव्हतीच. मुळातली जीप फारच आखूड होती.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर, अवघा ८० इंच. मिलिमीटरमध्ये २०३२. चार सैनिक आणि थोडे सामान, एवढ्यासाठीच ती गाडी. ही जीप भारतात आणली महिंद्र बंधूंनी. १९४५ साली कंपनी सुरू झाली तेव्हा नाव होते 'महिंद्र अँड मोहम्मद'. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये पाटीवर दुसरे 'महिंद्र' आले. सुटे भाग बोटीने यायचे आणि मुंबईत माझगावला जीप जोडली जायची. आपल्याकडच्या रस्त्याला ती मानवली, पण माणसांना पुरली नाही. मग सीजे-३बी या ८० इंची जीपशेजारी ९१ इंचाची लांब जीप आली. फक्त अकरा इंच! पण त्या अकरा इंचांत समोरासमोरचे बाक नीट बसले, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांतली अर्धी वाहतूक त्या बाकांवर बसली. पुढे बोलेरोपर्यंत (२००० साल) हाच व्हीलबेस २६८० मिलिमीटरला पोचला. म्हणजे मूळ जीपपेक्षा दोन फुटांहून जास्त.

इकडे न्यूझीलंडमध्ये जीपची जागा लँडरोव्हरने घेतलेली. मार्चमध्ये फील्डिंगला शेतीचे फील्ड डेज भरतात, तिथे चक्कर मारली की एखादी तरी जुनी, पोचे आलेली, मागे दोन कुत्री बसलेली लँडरोव्हर दिसतेच. तिची कुळकथाही जीपचीच. मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर युद्धातली एक विलीज जीप होती, तिच्यावरून कल्पना सुचली, आणि १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँडरोव्हर उभी राहिली. व्हीलबेस? तोच, ८० इंच! युद्धानंतर पोलादाची टंचाई म्हणून बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. १९५४ मध्ये ८६ आणि १०७ इंच, १९५६ मध्ये ८८ आणि १०९. शेवटचे दोन इंच माणसांसाठी नव्हतेच, नव्या डिझेल इंजिनला जागा हवी म्हणून ते पुढच्या बाजूला घातले. आणि आमची आवडती गोष्ट १९८५ ची. कंपनीला १२७ इंचाची गाडी हवी होती, तर त्यांनी काय करावे? तयार ११० ची चेसी मधोमध कापली, सतरा इंचांचा तुकडा घातला आणि पुन्हा वेल्डिंग केले! आपला नाक्यावरचा बॉडीवाला जे करतो तेच. फरक एवढाच की त्यांनी आधी हिशोब केला होता.

हा हिशोब म्हणजे काय, ते आता थोडक्यात सांगतो. कारण आमच्या पामर्स्टन नॉर्थमधल्या एका स्नेह्यांनी ८८ इंची लँडरोव्हर घेतली आहे. त्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी येणार, दोन मुले घरात, तर "मागून दीड-दोन फूट वाढवून मिळेल का?" असा त्यांचा प्रश्न. प्रश्न गमतीचा नाही. त्या गाडीत कोण बसणार आहे ते पाहा, म्हणजे कळेल.

गाडी दोन प्रकारे लांब होते. व्हीलबेस तसाच ठेवून बॉडी मागच्या ॲक्सलच्या पलीकडे वाढवायची, ही पहिली आणि स्वस्त तऱ्हा. आपल्याकडच्या कितीतरी वडाप गाड्यांना ती केलेली असे. समजा ९१ इंची जीपच्या मागच्या ॲक्सलपासून पाऊण मीटर मागे पासष्ट किलोची चार माणसे बसली. तराजूचा साधा नियम लावा: पुढच्या चाकांवरचे जवळजवळ ८५ किलो वजन उचलले जाते. फाळक्यावरची पोरे आणि टपावरची पोती वेगळीच. स्टिअरिंग हलके लागते, ड्रायव्हर खूश होतो, आणि पावसाळ्यात घाटातल्या वळणावर पुढची चाके वळतात पण गाडी सरळ जाते. अशा किती बातम्या लहानपणी वाचल्या! 'ड्रायव्हरचा ताबा सुटला' एवढेच छापलेले असायचे. ताबा बॉडीवाल्याच्या कारखान्यातच सुटलेला असायचा, हे कोणी छापत नसे.

दुसरी तऱ्हा व्हीलबेस वाढवण्याची. वजन दोन्ही ॲक्सलच्या मध्ये राहते, म्हणून ही बरी. पण इथेही निसर्ग फुकट काही देत नाही. कुठलाही दांडा मध्यावर भार ठेवला की वाकतो, आणि ते वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८८ चे १०९ केले तर लांबी चोवीस टक्के वाढली, पण तीच चेसी जवळजवळ दुप्पट वाकेल. म्हणून घातलेला तुकडा त्याच मापाचा आणि जाडीचा हवा, आत बाही हवी, आणि सांधा उभा सरळ न घेता तिरपा घ्यावा, म्हणजे सगळा ताण एकाच रेषेवर येत नाही. कापायचे ते पाट्यांच्या ब्रॅकेटपासून दूर. प्रोपेलर शाफ्टची तर वेगळीच कथा. तो लांब झाला की कमी वेगातच दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखा फुगायला लागतो. लांबी तीस टक्के वाढली तर ही धोक्याची गती साठ टक्क्यांवर येते. हायवेवर शंभरने जाताना तो जमिनीवर आपटला तर काय होईल ते लिहायला नको. शिवाय ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, पेट्रोलची नळी, सायलेन्सर सगळेच लांबवायचे, आणि वाढलेल्या वजनाला ब्रेक पुरतात का ते पाहायचे.

एवढे करून गाडी उतारा-चढावर पहिल्याइतकी चपळ राहत नाहीच. याचे ताजे उदाहरण सुझुकीच्या जिम्नीचे. २०२३ मध्ये भारतात तिचे पाच दारांचे मॉडेल आले. व्हीलबेस २२५० वरून २५९० झाला, म्हणजे पंधरा टक्के वाढला. उंचवटा ओलांडताना पोट घासू नये यासाठीचा कोन २८ अंशांवरून २४ वर आला, आणि वळायला लागणारी त्रिज्या ४.९ मीटरवरून ५.७ वर गेली. दोन्हीकडे तेच चौदा ते सोळा टक्के! भूमितीला ब्रँड कळत नाही. महिंद्रच्या थारचेही तेच झाले. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५०, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या 'थार रॉक्स'चा २८५०. नाशिकला बनणाऱ्या या गाडीसाठी कंपनीने जुनी चेसी ताणली नाही, नवी केली. आम्हाला विचाराल तर त्या गाडीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. जाहिरातीत मात्र सनरूफ दाखवतात. असो.

आता कायद्याचे. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितले की कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मालकाला बदल करता येत नाही. न्यूझीलंडचा स्वभाव वेगळा. इथे शेडमध्ये गाड्या कापणे-जोडणे हा राष्ट्रीय छंदच! म्हणून बंदी न घालता वाट बांधून दिली आहे. लो व्हॉल्यूम व्हेइकल टेक्निकल असोसिएशनचे नियम आहेत, सरकारने नेमलेले सर्टिफायर आहेत. त्यांनी पास केले की गाडीला एक छोटी धातूची पट्टी लागते, त्यावर काय बदल केले ते कोरलेले असते. ती पट्टी नसेल तर वॉरंट ऑफ फिटनेस नाही, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी काय म्हणेल ते तुम्हीच ओळखा.

आमच्या स्नेह्यांना आम्ही सांगितले ते असे. ८८ कापू नका. खरोखरच लांब लँडरोव्हर हवी असेल तर मुळातली १०९ शोधा; चेसी, शाफ्ट, ब्रेक सगळे त्या लांबीसाठीच केलेले मिळेल. आणि आजी-आजोबा व मुलांसाठी ती घेत असाल तर घेऊच नका. इथे सात वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची, ती आडव्या बाकावर बसत नाही. सत्तरीतल्या माणसाने तेवढी उंच पायरी चढायची, आणि सॅडल रोडच्या वळणांवर एका कुशीवर कलून बसायचे, हे काही आदरातिथ्य नव्हे. साधी जपानी सात सीटांची गाडी घ्यावी.

ते थोडे हिरमुसले. वहिनी मात्र खूश दिसल्या.

तरीही ज्यांना हौस आवरत नाही (आमचीही आवरत नाही, म्हणून तर हा लेख), त्यांनी ग्राइंडर हातात घेण्याआधी सर्टिफायरला फोन करावा, नंतर नव्हे. कागदावर चेसीचे चित्र काढून न्यावे. वेल्डिंग परवानाधारक वेल्डरकडून करून घ्यावे. आणि सांधे तपासून होईपर्यंत त्यांच्यावर रंग मारू नये. रंगाखालचे वेल्डिंग कोणालाच दिसत नाही.