लांट हाडेलन

लांट हाडेलन : जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातील एक भूतपूर्व ग्रामीण जिल्हा. एल्बे नदीच्या मुखाच्या दक्षिण तीरावर, एल्बे व वेझर या नद्यांच्या दरम्यानच्या सखल प्रदेशात तो वसलेला होता. ओटर्नडॉर्फ हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे. १९७७ मध्ये हा जिल्हा कुक्सहाफेन जिल्ह्यात विलीन झाला.

मूळच्या हाडेलन प्रदेशाचे दोन नैसर्गिक विभाग पडतात. एल्बेकाठची गाळाची सुपीक व किंचित उंच भूमी ‘होखलांट’ म्हणून, तर तिच्या मागील खोलगट व दलदलीची भूमी ‘झीटलांट’ म्हणून ओळखली जाते. समुद्राच्या भरतीपासून संरक्षणासाठी बांध घालणे व साचलेले पाणी चरांवाटे नदीत सोडणे, यांवरच येथील शेती अवलंबून असे. बांधांची दुरुस्ती ही जमीनधारकांची सामाईक जबाबदारी होती. तीतूनच येथील ग्रामसंघटना बळकट झाली. झीटलांटचे पाणी होखलांट ओलांडल्यावाचून एल्बेस मिळत नसल्याने तेथील शेते वारंवार बुडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खोदलेल्या हाडेलन कालव्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली.

मध्ययुगात हाडेलन सॅक्स-लाउएनबुर्गच्या ड्यूकांच्या सत्तेखाली होते. परंतु मुख्य राज्यापासून ते दूर व अलग असल्याने येथील स्वतंत्र शेतकऱ्यांनी व्यापक स्वायत्तता राखली. चर्चच्या परगण्यांनुसार विभागलेले ग्रामसमूह आपले अधिकारी स्वतः निवडत व स्थानिक न्यायदानही करीत. होखलांट, झीटलांट व ओटर्नडॉर्फ नगर असे तीन वर्ग मिळून प्रदेशाची सभा बने. ड्यूकांचे घराणे १६८९ मध्ये खुंटल्यावर हाडेलन सम्राटाच्या ताब्यात गेले व १७३१ मध्ये ते हॅनोव्हरकडे आले. नेपोलियनच्या काळात काही वर्षे ते फ्रेंच साम्राज्यात होते. पुढे हॅनोव्हरच्या राज्यात व १८६६ नंतर प्रशियात जुने अधिकार क्रमशः संकोचत गेले.

प्रशियाच्या नव्या जिल्हारचनेनुसार १८८५ मध्ये हाडेलन व नॉयहाउस हे दोन जिल्हे निर्माण झाले आणि वर्गसभेचे राजकीय महत्त्व संपुष्टात आले. १९३२ मध्ये हे दोन्ही जिल्हे एकत्र करण्यात आले. अशा रीतीने जिल्ह्याला लाभलेले नाव जुने असले, तरी त्याचा विस्तार ऐतिहासिक हाडेलनहून बराच मोठा होता. १९७२ मध्ये आल्टेनब्रुख व ल्यूडिंगव्होर्ट ही जुनी हाडेलन गावे कुक्सहाफेन शहरात समाविष्ट झाली. १९७० च्या दशकात लोअर सॅक्सनीत लहान जिल्हे एकत्र करून मोठे प्रशासकीय घटक बनविण्यात आले. त्यानुसार १ ऑगस्ट १९७७ रोजी लांट हाडेलन व वेझरम्यूंडे हे जिल्हे आणि कुक्सहाफेन शहर मिळून आजचा कुक्सहाफेन जिल्हा अस्तित्वात आला. ओटर्नडॉर्फचे जिल्हाठाण्याचे स्थान त्यामुळे गेले. तथापि २०११ मध्ये स्थापन झालेल्या व २०१६ मध्ये विस्तारलेल्या ग्रामपालिका-संघाला ‘लांट हाडेलन’ हेच नाव देण्यात आल्याने ते प्रशासनात पुन्हा रूढ झाले.

शेतकऱ्यांच्या समृद्धीची साक्ष येथील भव्य चर्चवास्तू देतात. त्यांना ‘शेतकऱ्यांची कॅथीड्रले’ असे म्हटले जाते. ल्यूडिंगव्होर्टच्या चर्चमधील ऑर्गन हे वाद्य सतराव्या शतकात आर्प श्निट्गर या विख्यात कारागिराने वाढविले. कवी योहान हाइन्रिख फोस हा १७७८ ते १७८२ या काळात ओटर्नडॉर्फच्या लॅटिन शाळेचा प्रमुख होता. त्याने केलेला ओडिसी या महाकाव्याचा जर्मन अनुवाद १७८१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासी कार्स्टन नीबूर (१७३३–१८१५) याचा जन्म ल्यूडिंगव्होर्टचा. डेन्मार्कच्या अरबस्तान मोहिमेतील हा एकमेव जिवंत परतलेला सदस्य १७६३-६४ मध्ये मुंबईस राहिला होता. घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे व चित्रे घेऊन त्याने आपल्या प्रवासग्रंथात त्यांचे तपशीलवार वर्णन केले. पर्सेपोलिस येथील कीलाकार लेखांच्या त्याने केलेल्या नकला पुढे त्या लिपीच्या उलगड्यास आधारभूत ठरल्या.