सांधे मोकळे झाले, पण...

आमच्या थोरल्या भगिनी आक्का इंदूरच्या घरी चाळीस पानांच्या पुरणपोळ्या एकहाती लाटत असत. आमवाताने गाठले आणि वेणी घालण्यासही सुनेचा हात लागू लागला. पुढे डॉक्टरांनी बायॉलॉजिक इंजेक्शने सुरू केली. चार महिन्यांत लाटणे पुन्हा हाती आले. आठव्या महिन्यात मात्र ताप, श्वास घेताना छातीत कळ, अंगावर लाल चट्टे आणि बोटांत तीच जुनी ठणक. आम्ही म्हणालो, ''उन्हाळा बाधला, आणि वात उलटला.'' या शहाणपणात तीन आठवडे गेले. दोन्ही तर्क चुकीचे होते.

आमवात म्हणजे शरीराचे घरभांडण. रक्षणासाठी ठेवलेला पहारेकरी घरच्याच माणसांवर, म्हणजे सांध्यांच्या अस्तरावर, लाठी उगारतो. त्याला चिथावणारे एक द्रव्य म्हणजे टीएनएफ. ते अडवण्याचा प्रयोग फेल्डमन व मैनी या संशोधकांनी १९९२ साली लंडनमध्ये रुग्णांवर प्रथम केला. एटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही औषधे त्याच वाटेवरची. त्यांनी असंख्य आखडलेले हात चालते केले, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

परंतु टीएनएफ नुसते चिथावत नाही. इंटरफेरॉनसारख्या द्रव्यांना ते लगामही घालते. तो लगाम सुटला की काहींच्या शरीरात निराळेच भांडण उभे राहते. पुष्कळांच्या रक्तात एएनए ही प्रतिद्रव्ये दिसू लागतात. खरा त्रास त्यांतील थोड्यांनाच होतो. कुणाला ल्युपससारखा आजार, कुणाच्या पायांवर रक्तवाहिन्यांच्या दाहाचे जांभळे ठिपके, क्वचित दृष्टी अंधुक होणे वा हातपाय बधिर होणे. नवल असे की, जी औषधे सोरायसिसवर दिली जातात, तीच एखाद्याच्या तळहातांवर व तळपायांवर सोरायसिस उमटवतात.

आक्कांचा आजार औषधाने आलेला ल्युपस निघाला. डॉक्टरांनी रक्त व लघवी तपासली, इंजेक्शन थांबवले, थोडे दिवस स्टिरॉइड दिले. काही महिन्यांत सारे निवळले. आमवातासाठी आता निराळ्या मार्गाने काम करणारे औषध चालू आहे.

वाचकांस आमचे सांगणे एवढेच : हे वाचून भयाने औषध मनाने सोडू नये, सोडल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. पण नवे लक्षण वयाच्या वा ऋतूच्या माथी मारून स्वस्थही बसू नये. ते कधी सुरू झाले हे लिहून ठेवावे व तत्काळ डॉक्टरांपुढे मांडावे. आक्कांच्या भिंतीवरील कालनिर्णयात आता दुधाच्या हिशेबाशेजारी इंजेक्शनाची तारीख असते, आणि खाली बारीक अक्षरात, ''आज काही नाही.''