दोन क्लचच्या गाडीचे दुखणे

चौकात हिरवा दिवा लागतो. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागतात. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिनाचा आवाज चढतो, परंतु गाडी जागची हलत नाही. समोर गिअरचा आकडा नुसता लुकलुकत राहतो. चार माणसे गाडी ढकलून कडेला लावतात, आणि दोन दिवसांनी गॅरेजमधून निरोप येतो की, गिअरबॉक्सचा नियंत्रक गेला, सबंध संच बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरची माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. हा निर्णय कधी बरोबर असतो. परंतु पुष्कळदा असेही होते की, दोष एखाद्या गंजलेल्या जोडात किंवा थकलेल्या बॅटरीत असतो आणि शिक्षा मात्र निरपराध संचाला, पर्यायाने मालकाच्या खिशाला होते. हा अन्याय टाळावयाचा तर हे यंत्र कसे चालते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

नेहमीच्या हातगिअरच्या गाडीत क्लच एकच असतो. गिअर बदलताना तो दाबला, की तेवढा क्षण इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये हा क्षण जवळजवळ नाहीसा केलेला असतो. त्यात दोन क्लच आणि एकात एक बसविलेले दोन दांडे असतात. सात गिअरच्या गाडीत एका दांड्यावर पहिला, तिसरा, पाचवा व सातवा हे गिअर असतात. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा व रिव्हर्स. रिले शर्यतीत पुढचा खेळाडू काठी हाती येण्यापूर्वीच धावू लागतो, तसा येथे पुढचा गिअर आधीच लावून तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटत असतानाच दुसरा धरतो, आणि गाडीला धक्का बसत नाही.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील अभियंता ॲडॉल्फ केग्रेस याने ती १९३९ च्या सुमारास मांडली होती. १९८० नंतरच्या दशकात पोर्शच्या शर्यतीच्या गाड्यांनी ती मैदानात उतरविली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ गाडीतून ती सामान्य ग्राहकापर्यंत आली. मधली साठ-पासष्ट वर्षे ती रखडली, याचे मुख्य कारण असे की, दोन क्लचची अदलाबदल क्षणार्धात आणि अचूक करणारा विद्युत-नियंत्रक त्या काळी उपलब्ध नव्हता. म्हणजे या गिअरबॉक्सचा जीव त्याच्या नियंत्रकात आहे, आणि दुखणेही बहुधा तेथेच शोधले जाते.

२००८ मध्ये आलेल्या फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सचे उदाहरण घेऊ. पुण्याजवळ चाकण येथे तयार झालेल्या काही गाड्यांतूनही तो आपल्याकडे आला. त्याच्या नियंत्रक संचाला मेकॅट्रॉनिक म्हणतात. संगणकाचा बोर्ड, वेग व तापमान सांगणारे सेन्सर, विजेवर उघडझाप करणाऱ्या आठ झडपा, तेलाचा पंप आणि दाब साठविणारी एक टाकी, हे सारे त्यात एकत्र असते. त्याचे तेल स्वतंत्र असून ते सुमारे १ लिटर असते. आतला दाब साधारण ४० ते ६० बार राहतो. मोटारीच्या चाकातील हवा दोन-सव्वादोन बारची असते, यावरून या दाबाची कल्पना यावी.

दाब साठविणाऱ्या टाकीचे काम हार्मोनियमच्या आतल्या भात्यासारखे आहे. वादक हाताने हवा भरतो, आतला भाता ती धरून ठेवतो, म्हणून हात क्षणभर थांबला तरी सूर तुटत नाही. त्या भात्याला भोक पडले, तर वादकाला सारखा हात हलवावा लागतो आणि शेवटी तो दमतो. मेकॅट्रॉनिकमध्येही तसेच घडते. टाकी जेथे बसते तेथे ॲल्युमिनियमच्या अंगाला केसासारखी बारीक चीर पडते, तेल पाझरते, दाब टिकत नाही, पंप अखंड चालतो, आणि अखेर तापून मरू नये म्हणून नियंत्रकच त्याला बंद करतो. तपासणी-यंत्रावर तेव्हा बहुधा पी१७बीएफ हा संकेतांक उमटतो. त्याचा अर्थ इतकाच की, पंपाला संरक्षण म्हणून थांबविले. तो का थांबवावा लागला, हे संकेतांक सांगत नाही. संकेतांक हा साक्षीदार आहे; निकाल माणसानेच द्यावयाचा असतो.

म्हणून जाणता मेकॅनिक आधी मालकाला प्रश्न विचारतो. गाडी थंड असताना अडते की तापल्यावर? सगळेच गिअर गेले की काही? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. रिव्हर्स आणि सम गिअर गेले, परंतु विषम गिअर चालतात, असे असेल तर दोष दुसऱ्या क्लचच्या बाजूला, त्याच्या झडपांत किंवा सेन्सरमध्ये असण्याचा संभव अधिक. याच्या उलट असेल तर पहिल्या बाजूकडे पाहावे. दोन्ही बाजू एकदम गेल्या, तर दोघांना सामाईक असलेल्या पंपाकडे, टाकीकडे किंवा वीजपुरवठ्याकडे नजर वळवावी. पाना हाती घेण्यापूर्वीच शोधाचे क्षेत्र असे निम्मे होते.

त्यानंतरची पायरी बॅटरीची. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. ती खाली गेलेली असेल, तर नियंत्रक भलतेसलते संकेतांक नोंदवितो. त्याचबरोबर फ्यूज आणि अर्थिंगची तार तपासावी. पंप चालू असताना बॅटरीचे ऋण टोक आणि गिअरबॉक्सचे अंग यांमध्ये व्होल्टमीटर लावला, की खराब जोड आपोआप उघडा पडतो. मग संकेतांक, त्या वेळचे तापमान व वेग यांसह, कागदावर उतरवून घ्यावेत, पुसावेत, गाडी चालवावी आणि कोणते पुन्हा येतात ते पाहावे. आधी पुसून मग विचार करणारा मेकॅनिक पुरावाच धुऊन टाकतो.

आता दाब पाहावयाचा. पंप चालतो, दाब चढतो, पण पंप थांबताच भराभर उतरतो, असे दिसले तर गळती किंवा टाकी. पंप मुळीच चालत नाही, तर फ्यूज, पंपाची मोटर, अथवा बोर्डावरची मोटरला वीज देणारी पट्टी जळलेली असण्याची शक्यता. दाब ठीक आहे, पण गाडी धक्के देते, तर क्लचच्या तबकड्या झिजल्या आहेत काय, ते पाहावे. झिजलेली तबकडी कोणताही नवा नियंत्रक बरी करू शकत नाही.

एका जागी दिसणारा दोष दुसऱ्याच जागी जन्मतो, याचे मोठे उदाहरण २०१३ मध्ये जगाने पाहिले. त्या वर्षी मार्चमध्ये फोक्सवॅगनने याच जातीच्या गिअरबॉक्सपायी चीनमधील ३,८४,१८१ गाड्या परत बोलाविल्या. नोव्हेंबरमध्ये जगभरातील आणखी लक्षावधी गाड्यांची पाळी आली. उष्ण व दमट हवेत, थांबत थांबत चालणाऱ्या रहदारीत, गिअरबॉक्समधील कृत्रिम तेलामुळे वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो, असे आढळले होते. इलाज होता खनिज तेल घालण्याचा. दुखणे विजेचे, पण औषध तेलाचे! ज्या हवामानाने हा दोष उघडा पाडला, ते आपल्या किनारपट्टीला परके नाही.

दुरुस्तीचा प्रसंग आलाच, तर काही पथ्ये आहेत. संच उघडण्यापूर्वी आतला दाब उतरविला पाहिजे. अन्यथा हाताला किंवा डोळ्याला इजा होईल. बोर्डाच्या पिनांना बोट लागू नये, कारण अंगातील स्थिर विजेची एक ठिणगीसुद्धा तो निकामी करू शकते. कामाच्या जागी धूळ नसावी. झडपेत अडकलेला एक कण पुरे होतो. चीर पडलेल्या अंगाच्या जागी अधिक भक्कम अंग बसविता येते, बोर्डावरची जळलेली पट्टी कुशल कारागीर पुन्हा जोडू शकतो. सबंध बोर्डच गेला असेल, तर मात्र नवा संच घेण्याची पाळी येऊ शकते, आणि तो त्या गाडीशी जुळवून घ्यावा लागतो.

शेवटची पायरी पुष्कळ ठिकाणी घाईने वगळली जाते. क्लच नेमका कोठे धरू लागतो, गिअरचे काटे कोठपर्यंत सरकतात, हे नियंत्रकाला नव्याने शिकवावे लागते. तपासणी-यंत्राने हे पाठ देऊन गाडी निरनिराळ्या वेगाने चालवून पाहावी. हे न केल्यास उत्तम दुरुस्तीनंतरही गाडी हिसके देते, आणि निष्पाप सुटा भाग दुसऱ्यांदा बदलला जातो.

मालकाने मेकॅनिक होण्याची गरज नाही. त्याने तीनच गोष्टी विचाराव्यात. बॅटरी व अर्थिंग मोजले काय? पंप थांबल्यावर दाब टिकतो काय? संकेतांकांची नोंद पाहावयास मिळेल काय? प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, आपले काम समजून घेणारे गिऱ्हाईक भेटले, याचा त्याला आनंदच होतो. तोवर समोर इशारा लुकलुकत असताना घाटात किंवा रेल्वेच्या फाटकावर गाडी नेण्याचे धाडस कोणी करू नये. रूळ ओलांडताना गिअर सुटला, तर कोणत्याही दुरुस्तीचा खर्च त्या क्षणापुढे क्षुल्लक ठरेल.