खेळातील नावीन्य : आकृती आणि रीत

जपानी ‘पॉकेटपेअर’ कंपनीचा ‘पालवर्ल्ड’ हा व्हिडिओ गेम जानेवारी २०२४ मध्ये आला, तेव्हा त्यातील प्राण्यांचे ‘पोकेमॉन’शी असलेले साम्य हाच टीकेचा मुख्य विषय झाला. तथापि सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो व पोकेमॉन कंपनीने टोकियोच्या न्यायालयात दाखल केलेला दावा पेटंटभंगाचा होता. म्हणजे वाद आकृतीचा नव्हे, तर खेळण्याच्या रीतीचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोल फेकून प्राणी प्रकट करण्याची रीत ‘पालवर्ल्ड’मधून वगळण्यात आली.

हा प्रश्न भारतात वेगळ्या रीतीने सुटता. नागपुरातील राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत पेटंट-परीक्षकांना प्रशिक्षण मिळते. त्यांना लागू असलेल्या पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३(एम) अन्वये खेळ खेळण्याची रीत ‘शोध’ ठरत नाही. केवळ कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे.

सारांश, प्राणी पकडणे, त्यांस लढविणे, त्यांजकडून लाकूडतोड वा खाणकाम करवून घेणे हे घटक येथे सर्वांस खुले राहतात. कर्त्याचे स्वत्व त्यांच्या जुळणीत दिसते. परंतु कायद्याचे रक्षण त्याच्या चित्रांस, संहितेस व संगीतासच मिळते.