लॅम्बोर्गिनी चिरडली, पण फाटकाचं काय?

"अहो, एवढ्या भारी गाड्या चिरडायच्या कशाला? विकून टाका आणि त्या पैशांत दवाखाने बांधा ना!"

फिलिपिन्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला घरून हमखास येणारा हा प्रश्न. बुलडोझर लॅम्बोर्गिनीवर चढतोय, काचा फुटताहेत, बाजूला राष्ट्राध्यक्ष उभे आहेत, असे ते व्हिडिओ आता बरेच जुने झाले. तरी दर काही महिन्यांनी कोणत्या तरी फॅमिली ग्रुपवर ते नव्याने येतात आणि उत्तर द्यायची पाळी आपल्यावर येते. म्हणून म्हटलं, एकदा नीटच लिहावं.

फेब्रुवारी 2018 ची गोष्ट. इथल्या कस्टम खात्याचा 116 वा वर्धापन दिन होता. मनिलाच्या बंदरात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांच्यासमोर तस्करीच्या आलिशान गाड्या बुलडोझरखाली गेल्या. लेक्सस, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, जग्वार, शिवाय एक कॉर्व्हेट स्टिंगरे. त्याच दिवशी सेबू आणि दावाओ इथेही गाड्या मोडल्या. सगळ्यांची मिळून किंमत होती 6 कोटी 16 लाख पेसो, म्हणजे त्या वेळचे साधारण साडेसात कोटी रुपये. जुलैत तर कहरच झाला. लुझोन बेटाच्या अगदी उत्तर टोकाला, कागायान प्रांतातल्या पोर्ट आयरीन बंदरात 68 गाड्या आणि 8 मोटारसायकली चिरडल्या. त्यांची किंमत 29 कोटी पेसोंहून जास्त!

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एकच शब्द होता, "सायांग!" हा इथला फार लाडका शब्द आहे. ताटात भात उरला तरी सायांग, बस थोडक्यात चुकली तरी सायांग. "अरेरे, वाया गेलं!" म्हणताना आपण जसं चुकचुकतो ना, अगदी तसं. एका गाडीच्या किमतीत ज्याचं अख्खं गाव वर्षभर जेवेल, त्या माणसाला सायांग वाटणारच. आपल्याकडेही अन्न टाकणाऱ्याला आजी ओरडायची, मग इथे तर लॅम्बोर्गिनीच टाकून दिलेली!

पण "विकून टाका" हा उपाय आधी करून झाला होता. जप्त मालाचा लिलाव हीच तर रूढ पद्धत. तस्करांनी तिच्यातूनही वाट काढली. गाडी आणायची आणि कागदावर लिहायचं "जुने सुटे भाग". पकडली गेली तर तिच्यावर हक्क सांगायला जायचंच नाही. काही महिन्यांनी कस्टम लिलाव काढतं, तिथे आपलाच माणूस बोली लावायला उभा करायचा. इतर बोलीदार आधीच "सांभाळलेले" असतात. गाडी कमी भावात परत आपल्याच दारात, आणि हातात सरकारी पावती! म्हणजे काळ्या गाडीला सरकारनेच पांढरं करून दिलं. कर भरून आणणाऱ्यापेक्षा पकडला गेलेलाच फायद्यात. बुलडोझरने हा धंदा मोडला एवढं मात्र मान्य करायला हवं. लोखंडाच्या चुथड्यावर कोण बोली लावणार?

पोर्ट आयरीनचं नाव यात वारंवार का येतं, तेही सांगतो. ते मुक्त व्यापार क्षेत्र आहे. जपानमधल्या जुन्या गाड्या तिथे वर्षानुवर्षं उतरत आल्या. आपल्यासारखंच जपानमध्ये स्टिअरिंग उजवीकडे असतं, इथे मात्र डावीकडे लागतं. त्यामुळे स्टिअरिंग या बाजूचं त्या बाजूला करून द्यायचा उद्योगच उभा राहिला. 2002 मध्ये सरकारने एका आदेशाने जुन्या गाड्यांची आयात बंद केली. मुक्त क्षेत्राच्या कुंपणाआत ही बंदी लागू होते का, यावरून प्रकरण इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. असा वाद वर्षानुवर्षं चालला की कुंपणाला फटी पडतातच.

आता माझा खरा मुद्दा. गाडी म्हणजे काही खिशात लपवून आणायची चीज नव्हे. ती कंटेनरमधून येते, बंदरात उतरते, फाटकातून बाहेर पडते. प्रत्येक पायरीवर कुणाची तरी सही लागते. चिरडली गेली ती गाडी. सही करणाऱ्याचं काय झालं?

मे 2017 मध्ये याच मनिला बंदरातून सुमारे 600 किलो शाबू, म्हणजे मेथ नावाचा अमली पदार्थ, चीनमधून आला आणि कस्टमच्या जलद मार्गाने तपासणीविना बाहेर पडला. जाडजूड धातूच्या सिलिंडरमध्ये लपवलेला 640 कोटी पेसोंचा माल वालेन्झुएला शहरातल्या गोदामात सापडला. संसदेत चौकशी बसली, कस्टमच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. वर्ष उलटायच्या आत त्याच खात्याच्या अंगणात बुलडोझरचा सोहळा झाला.

आपल्या मराठी वाचकाला हे लगेच उमजेल. कोकणच्या किनाऱ्यावर सोनं, चांदी, घड्याळं उतरायची तेव्हा त्याचं कुणाला फार वाईट वाटत नव्हतं. "कस्टमचा माल" लोक कौतुकाने मिरवायचे. चांदीसाठी विकत घेतलेल्या त्याच वाटेने 1993 च्या सुरुवातीला रायगडमधल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, आणि 12 मार्चला मुंबईत काय झालं ते आपण विसरलेलो नाही. त्या खटल्यात कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. पैसे घेऊन उघडलेलं फाटक आत काय येतंय हे विचारत नाही. आज लॅम्बोर्गिनी, उद्या शाबू, परवा त्याहून भयंकर काही.

मग बुलडोझरची जरब बसली का? जून 2021 मध्ये मनिलात पुन्हा गाड्या चिरडल्या गेल्या, त्यात एक मॅक्लारेन 620आर होती. तीन वर्षं बुलडोझर बघूनही कुणाला तरी ती आणावीशी वाटलीच. 2022 मध्ये दुतेर्ते पायउतार झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये दोन बुगाटी शिरॉन गाड्यांची बातमी आली, एक निळी, एक लाल. एकेकीची किंमत 16 कोटी पेसोंच्या वर. कस्टमकडे शुल्क भरल्याची नोंद नाही, आणि तरी दोन्ही गाड्यांना नंबरप्लेट मिळालेल्या! इथल्या आरटीओने, म्हणजे एलटीओने, त्या दिल्या कशा, याची चौकशी लागली.

हे माझ्याही अंगाशी येऊ शकलं असतं. इथे जुनी गाडी घ्यायला निघालो तेव्हा एका विक्रेत्याने बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त एसयूव्ही दाखवली. ओआर-सीआर, म्हणजे पावती आणि नोंदणीपत्र, अगदी चकचकीत. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर, ज्याला मी कुया म्हणजे दादा म्हणतो, कानात पुटपुटला, "सर, कस्टमचा कागद मागा." मी मागितला. विक्रेता "उद्या देतो" म्हणाला आणि तो उद्या काही आला नाही. मी गाडी सोडून दिली. घेतली असती आणि पुढे जप्त झाली असती, तर आणणारा केव्हाच मोकळा आणि माझी पुंजी बुडालेली. परक्या देशात पोलिसांच्या, कोर्टाच्या खेपा घालायच्या त्या वेगळ्याच. परदेशात जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच सांगतो, नुसत्या नंबरप्लेटवर जाऊ नका, ती गाडी देशात कशी आली ते विचारा.

नोव्हेंबर 2025 मध्ये पूरनियंत्रण घोटाळ्यात गाजलेल्या कंत्राटदारांच्या जप्त आलिशान गाड्यांचा कस्टमने जाहीर लिलाव केला. म्हणजे सरकार पुन्हा विक्रीकडे वळलं. लिलाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होणार असेल आणि बोली लावणारा कोण, पैसा कुठला हे तपासलं जाणार असेल, तर माझी हरकत नाही. दवाखाने बांधायला पैसे कुणाला नको आहेत?

पण घरून विचारणाऱ्यांना माझं उत्तर आता ठरलेलं आहे. चिरडा की विका, हा प्रश्न नंतरचा. ती गाडी बाहेर सोडण्याच्या कागदावर सही कुणाची होती, आणि तो माणूस आज कुठे आहे, हे आधी विचारा. गाडी चिरडायला पाच मिनिटं पुरतात, त्या माणसावर खटला चालवायला वर्षं लागतात. त्याचा व्हिडिओ मात्र अजून कुठल्या फॅमिली ग्रुपवर आलेला नाही.