पांचगणीस बिऱ्हाड न्यावें काय?

वाईची जमीन विकून पांचगणीस, सुमारें ४,२०० फूट उंचीवर, मोकळ्या हवेंत राहावें, असें पेन्शनीनंतर आमच्या मनानें घेतलें. कुटुंबास दमा, तेथील हवा मानवेल ही आशा. श्रावणांत आठ दिवस राहून पाहिलें. धुक्यानें अंथरुणें वाळेनात, खोकला उलट वाढला! शिवाय २००१ पासून तो टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरल्यानें बांधकामास निर्बंध आहेत.

शेतकरी बंधूंनीं आणखी एक ध्यानीं घ्यावें. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ अन्वयें शेतकरी नसणारास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. सारी जमीन आधींच विकल्यावर सातबाऱ्यावर आपलें नांव कोठें उरणार? जन्मभर दुसऱ्यांचे उतारे लिहिणाऱ्या आम्हांस हें कुटुंबानें सुचवावें! उन्हाळ्यापुरती वर भाड्याची खोली, पेरणीस खालीं, असें तूर्त ठरलें आहे.